खाडी, खाजण आणि मिठागराच्या पाण्याची मानकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खाड्यांवरून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे मच्छीमार सोसायट्यांचे सभासद, मिठागरवाले, खारजमिनीतले शेतकरी, ग्रामपंचायत सदस्य आणि प्रकल्प करणारी कॉलेजची मुलं. बहुतेकांना एक आकडा हवा असतो: इतक्या खाली पाणी चांगलं, त्यावर वाईट. आकडे खाली दिलेच आहेत. पण खाऱ्या पाण्यात आकड्याच्या आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: हे पाणी कोण कशासाठी वापरतं, आणि ते त्या दिवशी, त्या जागी किती खारं आहे. हे न ठरवता घेतलेला आकडा भांडणाला उपयोगी पडतो, खाडीला नाही.

१. कारखान्याला घालून दिलेली मर्यादा आणि खाडीच्या पाण्याचं मानक एकच ना?

नाही. निम्मे वाद याच गोंधळातून होतात. कारखान्याची किंवा सांडपाणी प्रकल्पाची मर्यादा पाइपच्या तोंडाशी मोजतात. खाडीचं मानक खुद्द खाडीच्या पाण्यात. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार समुद्रकिनारी भागात सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाल्ला जाईल, त्या मापाची) सर्वसाधारण मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. तेच सांडपाणी नदी-ओढ्याच्या गोड्या पाण्यात सोडायचं तर ३०. खाडीच्या पाण्याचं मानक मात्र, आंघोळीच्या आणि मासेमारीच्या वर्गात, फक्त ३. म्हणजे पाइपमधून शंभर येऊ शकतं, पण खाडीत तीनच्या वर जाता कामा नये. मधली दरी भरून काढायची जबाबदारी कायद्याने गुपचूप भरती-ओहोटीवर टाकली आहे. ती भरती किती ओझं उचलते, ते प्रश्न १३ मध्ये.

२. आमची खाडी कोणत्या वर्गात येते?

किनारी पाण्याचे पाच वर्ग आहेत आणि ते पाण्याच्या वापरावरून पाडले आहेत. एसडब्ल्यू-१ मिठागरं, शिंपले-कालवं, खाऱ्या पाण्यातली मत्स्यशेती आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागांसाठी. एसडब्ल्यू-२ आंघोळ, पाण्यातले खेळ आणि व्यावसायिक मासेमारीसाठी. एसडब्ल्यू-३ कारखान्यांचं थंडाव्याचं पाणी आणि अंगाला पाणी न लागणारी करमणूक. एसडब्ल्यू-४ बंदरं. एसडब्ल्यू-५ जलवाहतूक आणि नियंत्रित सांडपाणी. एकाच पाण्याचे अनेक वापर असतील, तर सर्वांत शुद्ध पाणी मागणारा वापर वर्ग ठरवतो.

मोजमापांचे अहवाल बऱ्याचदा सरसकट एसडब्ल्यू-२ शी तुलना करून मोकळे होतात. आता तुमच्या खाडीत बायका ओहोटीला तिसऱ्या, मुळे, कालवं अशी शिंपली काढतात का? काठाला चालू मिठागर आहे का? कांदळवन आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर त्या पट्ट्यासाठी एसडब्ल्यू-१ मागण्याला आधार आहे. अडचण अशी की बायकांची ही मासेमारी कुठल्याच सरकारी कागदावर नसते. होडीला नोंदणी क्रमांक असतो, कोयत्याला नसतो. त्यामुळे वर्ग ठरवणाऱ्याच्या नजरेत तो वापरच नसतो.

३. मग हा वापर नोंदवायचा कुठे? ग्रामपंचायतीचा ठराव चालतो का?

ठरावाने वर्ग बदलत नाही, पण ठराव हा पुरावा असतो. त्याहून भक्कम कागद म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि ही नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कुणा संस्थेकडून एका आठवड्यात भरून घेतलेली असते आणि तिच्यात खाडीपेक्षा आंब्याचीच पानं जास्त. ती उघडा आणि भर घाला: कोणत्या पट्ट्यात काय मिळतं, कोणत्या महिन्यांत, किती घरं त्यावर अवलंबून आहेत, कोणतं मिठागर कोणत्या तोंडातून पाणी घेतं. जमल्यास नकाशासह.

४. मानक ठरवायचा अधिकार नेमका कुणाला?

१९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मानकं घालून द्यावीत असं कलम १६ सांगतं. त्याच कलमात एक महत्त्वाची मुभा आहे: पाण्याची प्रत, प्रवाहाचं स्वरूप आणि वापर पाहून एकाच प्रवाहाच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी मानकं लावता येतात. कलम १७ खाली राज्य मंडळाला सांडपाण्याच्या मर्यादा ठरवण्याचा, बदलण्याचा आणि राज्यातल्या पाण्याचं वर्गीकरण करण्याचा अधिकार आहे. थोडक्यात, एका खाडीच्या मुखाशी बंदराचा वर्ग आणि आत कालवांच्या खडकांपाशी एसडब्ल्यू-१, हे कायद्यात बसतं. “पूर्ण खाडीला एकच वर्ग असतो” असं उत्तर मिळालं, तर कलम १६ ची ती ओळ दाखवा.

५. खाडी कुठे संपते आणि नदी कुठे सुरू होते?

सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने याचं उत्तर मिठातच दिलं आहे: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात जिथपर्यंत पाण्याची क्षारता हजार भागांत ५ भाग भरते, तिथपर्यंत भरतीच्या प्रभावाचं पाणी. समुद्र साधारण ३५. म्हणजे समुद्राच्या सातव्या हिश्श्याइतकं खारं पाणी एप्रिल-मेमध्ये जिथवर पोचतं, तिथवर खाडी.

मोजणी कोरड्या काळातलीच हवी. नोव्हेंबरात मोजून रेषा आखली, तर खाडी नकाशावर काही किलोमीटर आखूड होऊ शकते आणि तेवढ्या काठावरचे निर्बंध सैल होतात. तुमच्या गावाच्या नकाशावर ती रेषा कोणत्या महिन्यातल्या मोजणीवरून आली, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

६. लॅबला खाडीचं पाणी दिलं, रिपोर्टमध्ये सगळंच ‘नापास’ आलं. एवढं वाईट आहे का?

बहुधा लॅबने पिण्याच्या पाण्याचं कोष्टक लावलं. विरघळलेले क्षार, क्लोराइड, सल्फेट, काठिण्य यांत खाडीचं पाणी कधीच पास होणार नाही, व्हायलाही नको. नमुना देतानाच ‘खाडीचं पाणी, किनारी पाण्याच्या मानकांशी तुलना करावी’ असं फॉर्मवर लिहा.

७. क्षारता किती असावी याचं मानक आहे का? धरणाचं गोडं पाणी खाडीत आलं तर ते प्रदूषण म्हणायचं का?

आपल्या किनारी मानकांत पीएच आहे, ऑक्सिजन आहे, तेल आहे, जंतू आहेत, क्षारता नाही. खाऱ्या पाण्यातला जीव ज्या गोष्टीवर तगतो किंवा मरतो, तीच कोष्टकात नाही, ही आमच्या मते या मानकांतली सर्वांत मोठी उणीव आहे.

कोकणात हा प्रश्न पुस्तकी नाही. कोयनेचं पाणी वीज तयार करून झाल्यावर घाट उतरून चिपळूणजवळ वाशिष्ठीत येतं. कृष्णा खोऱ्यातून पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याचा वार्षिक वाटा ६७.५ टीएमसी आहे. भिऱ्याच्या वीजघराचं पाणी कुंडलिकेत येतं, त्यावरच कोलाडचं राफ्टिंग चालतं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत. एरवी होळीनंतर या नद्या आटायला लागून खारं पाणी वर सरकलं असतं, तिथे बारमाही गोडं पाणी ढकललं जातं, तेही विजेच्या मागणीप्रमाणे कमी-जास्त. या पाण्याचे फायदे आहेतच. गावांना पिण्याचं पाणी मिळतं, काठावर बारमाही बागा होतात. पण कालवं, तिसऱ्या, चिंबोऱ्या यांची क्षारतेची आपापली पट्टी असते आणि ती दिवसाला वर-खाली हिंदकळू लागली की जागेवर बसलेले जीव आधी मरतात. मासा पळू शकतो, कालव नाही.

कायद्याच्या भाषेत याला ‘प्रदूषण’ म्हणवून घेणं अगदीच अशक्य नाही. पाण्याच्या भौतिक, रासायनिक किंवा जैविक गुणधर्मांत होणारा असा फेरफार, जो जलचरांना किंवा वापराला घातक ठरू शकतो, तो १९७४ च्या कायद्यातल्या व्याख्येत येतो. पण त्यावरून खटला लढण्यापेक्षा मागणी दुसरी करावी: एका आकड्याऐवजी पट्टी. अमुक ठिकाणी, जानेवारी ते मे, भरतीच्या वेळी क्षारता इतकी ते इतकी. ही पट्टी पुस्तकात सापडणार नाही. ज्या वर्षांत कालवं चांगली होती त्या वर्षांची मोजमापं आणि जुन्या माणसांच्या आठवणी यांतून ती बांधावी लागते.

८. विरघळलेला ऑक्सिजन ‘५ किंवा ६० टक्के, जे जास्त असेल ते’ म्हणजे काय?

एसडब्ल्यू-१ मध्ये लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या (त्या पाण्यात जास्तीत जास्त मावेल तितक्या ऑक्सिजनच्या) ६० टक्के, यांतलं जे जास्त ते. एसडब्ल्यू-२ मध्ये ४ किंवा ५० टक्के. पुढच्या तीन वर्गांत ३ किंवा ४० टक्के.

पाणी जितकं गरम आणि जितकं खारं, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. ३० अंशांना गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात खाडीच्या मुखाशी ६० टक्के म्हणजे पावणेचारच, आणि तिथे ५ चा आकडाच लागू होतो, जो त्या पाण्याच्या ८० टक्के आहे. मानक तसं कडक आहे, आणि ते योग्यच आहे.

दोन सापळे. पहिला यंत्राचा: हातातल्या ऑक्सिजन मीटरला क्षारता सांगावी लागते. ती शून्यावरच ठेवली, तर समुद्राच्या पाण्यात यंत्र सुमारे एक पंचमांश जास्त दाखवतं. ५ वाचलं तर खरं ४.१. असे कितीतरी ‘पास’ रिपोर्ट फिरत असतात. दुसरा सापळा मिठागराचा: क्षारता लिटरला १०० ग्रॅमच्या पुढे गेली, की कडक उन्हात संपृक्तताच ५ च्या खाली उतरते. तिथे हे मानक निसर्गालाही पाळता येत नाही. त्याचं काय करायचं ते पुढच्या प्रश्नात.

९. मिठागराच्या आतल्या पाण्याला हेच मानक लावायचं का?

आत येणाऱ्या पाण्याला लावायचं. आतल्या पाण्याला लावून उपयोग नाही. मिठागर चालतंच पाणी बिघडवून, म्हणजे आटवून. साधारण ३ अंश बोमेला (बोमे म्हणजे पाण्याच्या दाटपणाचं माप) आत घेतलेलं समुद्राचं पाणी वाफ्यावाफ्यातून पुढे जातं. वाटेत आधी चुना बसतो, मग जिप्सम, आणि २५ अंशांच्या आसपास मीठ पिकायला लागतं. ३० च्या जवळ गेल्यावर उरलेलं मॅग्नेशियमचं कडू पाणी काढून टाकतात, नाहीतर मीठ कडवट होतं आणि ओलं राहतं. या प्रवासात पाण्यातला शिसं-पाऱ्यासारखा ऐवजही आटत जातो. त्यातला काही गाळात बसतो, काही कडू पाण्यात जातो, काही मिठात. म्हणूनच मिठागरं पहिल्याच वर्गात आहेत: जिथून पाणी आत घेता ती खाडी स्वच्छ हवी.

त्यातून दोन गोष्टी करायच्या. पाणी आत घ्यायच्या तोंडाशी, ज्या उधाणाला पाणी घेता त्याच उधाणाला, नमुना घ्यायचा. आणि कडू पाणी खाडीत सोडताना ते भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरती-ओहोटीच्या) मंद पाण्यात, अरुंद नाल्यात एकदम ओतायचं नाही. ते समुद्राच्या पाण्याहून बरंच जड असतं, तळाला बसतं आणि तिथल्या जिवांना मारतं.

१०. आमचं जुनं मिठागर आता पक्ष्यांनी भरलेलं असतं. त्याला पाणथळ म्हणून संरक्षण मिळेल का?

पाणथळ नियम २०१७ मधून नाही. त्या नियमांच्या व्याख्येतूनच मीठ उत्पादनासाठी बांधलेल्या जागा वगळल्या आहेत, आणि सीआरझेडखाली येणारे भागही. संरक्षण मागायचं असेल तर ते सीआरझेडच्या दारातून: ती जागा आंतरभरतीच्या (भरतीला बुडणाऱ्या, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या) पट्ट्यात येते का, कांदळवन वाढलं आहे का, गाळपट्टा जिवंत आहे का. कांदळवन असेल तर उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल तुमच्या बाजूने आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) दर्जा मिळाला, तेव्हापासून हा प्रश्न फार येतो. पण तो दर्जा खाडीला मिळाला आहे, आजूबाजूच्या प्रत्येक मिठागराला आपोआप नाही.

११. पाऱ्याची मर्यादा ०.०१ आहे. आमच्या रिपोर्टमध्ये त्याहून कमी आलं. म्हणजे मासे खायला हरकत नाही?

त्या रिपोर्टवरून तसं म्हणता येत नाही. एसडब्ल्यू-१ मध्ये पारा, शिसं आणि कॅडमियम तिघांनाही लिटरला ०.०१ मिलिग्रॅम हा आकडा आहे. आता गंमत पाहा: कारखान्याच्या सांडपाण्याची पाऱ्याची सर्वसाधारण मर्यादाही ०.०१ च. म्हणजे पाइपच्या तोंडाशी आणि कालवांच्या खडकाशी कागदावर एकच पाणी चालतं. अमेरिकेत खाऱ्या पाण्यातल्या जिवांना दीर्घकाळ सोसेल असा पाऱ्याचा निकष याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे.

पण आपल्याच कोष्टकात पाऱ्याच्या आकड्यासमोर एक शेरा आहे, तो कुणी वाचत नाही. हा आकडा मीठ, मासे आणि शिंपले यांतलं प्रमाण, माणशी रोजचं खाणं आणि लक्षणं दिसू लागण्याइतकी किमान मात्रा यांवर अवलंबून राहील, असं तिथे म्हटलं आहे. खाडीकाठच्या घरात दोन्ही वेळच्या जेवणात मासळी असते. त्यांचं ‘रोजचं खाणं’ देशाच्या सरासरीत बुडवून काढलेला आकडा त्यांना लागू पडत नाही. म्हणून पाण्याबरोबर तिसऱ्यांचं, कालवांचं, बोयीचं मांस तपासायला द्या. पारा पाण्यात सापडत नाही तेव्हाही मांसात सापडू शकतो, कारण तो अन्नसाखळीत साठत जातो. जंतूंचंही तसंच: युरोपात शिंपल्यांच्या पट्ट्यांची प्रतवारी मांसावरून होते, १०० ग्रॅममागे २३० ई. कोलाय ही ‘अ’ प्रतीची मर्यादा. काठावर असे आकडे नसताना व्यवहाराचा सल्ला एवढाच: सांडपाण्याच्या तोंडाजवळची कालवं काढू नयेत, आणि कुठलीच कच्ची खाऊ नयेत. उकळून जंतू मरतात, पारा जात नाही.

१२. खाऱ्या सरोवरांसाठी जगात मानकं कशी ठरवली आहेत? आपल्याला त्यातून काय घेता येईल?

अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ग्रेट सॉल्ट लेक याचं चांगलं उदाहरण आहे. ते समुद्राहून कितीतरी पट खारं, त्यामुळे गोड्या पाण्यासाठी काढलेले निकष तिथे लागू पडेनात. सरोवराला वेगळा वर्ग दिला गेला आणि त्याचे भाग पाडले गेले, कारण रेल्वेच्या भरावाने तुटलेल्या उत्तर आणि दक्षिण भागांची क्षारताच वेगळी आहे. बहुतेक प्रदूषकांसाठी तिथे आकडा नाही, शब्दांत लिहिलेलं बंधन आहे: सजीवांना अपाय होईल असं काही सोडू नये. आकडा मिळाला तो सेलेनियमला, २००८ मध्ये, दक्षिणेकडच्या गिल्बर्ट उपसागरासाठी. आणि तो पाण्यातला नाही! तिथे घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांत किलोमागे १२.५ मिलिग्रॅम. सेलेनियम पाण्यातून खाऱ्या पाण्यातल्या माश्या (कीटक) आणि कोळंबीत आणि तिथून पक्ष्यांत जातं, तेव्हा जिथे अपाय होतो तिथेच मोजायचं, हा त्यामागचा विचार. शिवाय १२.५ होईपर्यंत वाट पाहायची नाही. ५ ला पोचलं की देखरेख वाढते.

क्षारतेबद्दलही तिथे धडा आहे. २०२२ मध्ये सरोवराची पातळी नोंदींतल्या नीचांकाला गेली आणि दक्षिण भाग फार खारट होऊ लागला, तेव्हा २०२३ मध्ये भरावातल्या खिंडाराचा उंबरा उंचावून उत्तरेकडचं मीठ रोखलं. खारबांदिस्तीची उघडी (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) सांभाळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकच्या बाबतीत तर १९९४ मध्ये पाण्याची पातळीच ठरवून दिली, ६३९२ फूट. कारण पाणी किती आहे यावर ते किती खारं हे ठरतं.

आपलं लोणार कोकणात नाही, पण प्रश्न येतो म्हणून: त्याचा पीएच १० च्या आसपास असतो. ६.५ ते ८.५ ची किनारी मर्यादा लावली, तर लोणार जन्मापासून ‘प्रदूषित’. तिथे नैसर्गिक स्थितीपासून किती ढळलं, हेच मोजायला हवं.

१३. सगळे कारखाने मर्यादेत आहेत असं सांगतात, तरी मासे का कमी होतात?

कारण मर्यादा लिटरला असते, खाडीला नाही. हिशेब करून पाहा. रोज दहा लाख लिटर सांडपाणी, बीओडी १०० च्या आत, म्हणजे रोज १०० किलोपर्यंत ओझं. असे पाच जण, पाचही कायदेशीर: ५०० किलो. हे ३ मिलिग्रॅमवर आणायचं तर सुमारे १७ कोटी लिटर असं पाणी हवं, ज्यात आधीचं काहीच नाही. वर गावांचं मैलापाणी आहेच, ज्याला बहुधा कुठली मर्यादाच लावलेली नसते.

ते पाणी भरती आणते, पण सगळीकडे सारखं नाही. मुंबईकडे उधाणाची भरती-ओहोटी चार-पाच मीटरची, मालवणकडे साधारण निम्मी. त्यात पौर्णिमा-अमावस्येला खाडी धुतली जाते, अष्टमीच्या भांगाला पाणी तिथल्या तिथे डोलतं. शिवाय ओहोटीला बाहेर गेलेलं पाणी पुढच्या भरतीला बरंचसं परत आत येतं. तेव्हा मागणी असावी ती एकूण भाराची: भांगाच्या दिवशी ही खाडी रोज किती किलो झेलू शकते, ते आधी काढा, मग वाटून द्या. नव्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत विचारायचा एकच प्रश्न निवडायचा झाला, तर हा.

१४. नमुना कधी आणि कुठून घ्यावा?

ऑक्सिजनसाठी पहाटे, उजाडायच्या आत; रात्रभर शैवालानेही ऑक्सिजन वापरलेला असतो, तेव्हा तो सर्वांत कमी असतो. दुपारी दोनला मोजलेला ऑक्सिजन खाडीची खुशाली सांगतो, तब्येत नाही. जमिनीवरून येणारी घाण पाहायची तर सुकतीच्या (ओहोटीच्या) शेवटी, आणि तुलनेला भरतीच्या माथ्यावर दुसरा. उधाणाचा एक दिवस, भांगाचा एक. वरचं पाणी आणि तळाचं पाणी वेगळं, कारण गोडं पाणी वर तरंगतं. प्रत्येक नमुन्याबरोबर क्षारता, तापमान, तिथी आणि भरतीची वेळ लिहा. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फावर, शक्यतो सहा तासांच्या आत लॅबला. तेलासाठी काचेची बाटली.

लॅब सीओडीचा (रसायनाने घाण जाळायला किती ऑक्सिजन लागतो, त्या मापाचा) आकडा देते, त्यावर फार विसंबू नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ हजार मिलिग्रॅम क्लोराइड असतं आणि नेहमीच्या पद्धतीत तेही सीओडी म्हणून मोजलं जातं. खाऱ्या पाण्यासाठी पद्धतीत काय बदल केला, हे लॅबला विचारा.

१५. पावसाळ्यात मानकं लागू असतात का?

असतात. जंतूंच्या बाबतीत तेवढी पावसाळ्यातल्या नमुन्यांसाठी वेगळी तळटीप आहे. एसडब्ल्यू-२ मध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे १०० आणि गढूळपणा ३० एकक आहे. जुलैत लाल मातीचं पाणी उतरलं की गढूळपणा जवळपास सगळीकडेच ओलांडतो आणि त्यावरून कुणाला दोष देता येत नाही. पण पहिल्या पावसाकडे डोळा ठेवा. मृगाच्या सरीबरोबर साठवलेलं काही सोडून दिलं की ते गढुळात मिसळून जाईल, असा हिशेब करणारे असतात.

१६. सकाळी खाडीत मासे तरंगताना दिसले. पहिल्या तासात काय करायचं?

आधी पाणी, मग फोटो, मग फोन. मासे मेलेल्या जागी, तिच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला बाटल्या भरा. पुढची भरती सगळं धुऊन नेईल. जवळ मीटर असेल तर ऑक्सिजन, पीएच, क्षारता लगेच मोजा. ताजे मेलेले, अजून डोळे स्वच्छ असलेले मासे बर्फात ठेवा. फुगलेल्यांचा तपासाला उपयोग नाही. कोणकोणत्या जातीचे आहेत, चिंबोऱ्याही मेल्या का, मासे मरण्याआधी तोंड वर काढत होते का, हे लिहा. तोंड वर काढणं म्हणजे ऑक्सिजनचा संशय आधी. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला फोन, आणि फोनच्या मागोमाग ई-मेल, म्हणजे वेळेची नोंद राहते. मत्स्य व्यवसाय विभाग आणि तहसीलदारांना प्रत. मेलेली मासळी विकू किंवा खाऊ नका, कितीही ताजी दिसली तरी.

१७. आम्ही घेतलेला नमुना कोर्टात चालतो का?

सांडपाण्याचा कायदेशीर नमुना मंडळानेच, १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे घ्यावा लागतो: जागेच्या ताबेदाराला सूचना, नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या. यातली पायरी चुकली तर मंडळाचा स्वतःचा रिपोर्टही पुरावा म्हणून चालत नाही. तुम्ही घेतलेला खाडीचा नमुना त्या जागी बसत नाही. मंडळाला बाहेर काढण्यासाठी आणि प्रश्नात जीव आणण्यासाठी तो असतो. म्हणून मंडळाचे लोक आले की सोबत जा, पंचनामा मागा. कारखान्याच्या संमतीपत्रातल्या अटींची नोंदवही पाहायला मागा. हितसंबंध असलेल्या कुणालाही ती पाहता येते. तिथे टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकार, तीस दिवस.

मंडळ हललं नाही, तर साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः फौजदारी तक्रार करता येते. हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस. नुकसानभरपाईला पाच वर्षं. ‘पहिल्यांदा’ या शब्दावर अर्ज फेटाळले जातात. त्यामुळे दरवेळी मासे मेले की नवी, तारखेची, पोच घेतलेली तक्रार करा, जुन्याच अर्जाला स्मरणपत्र लावत बसू नका.